भराडीच्या जत्रेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तुमच्या कचेरीत सावंत, परब, गावडे अशा आडनावाचं कोणीतरी असेलच. एरवी वर्षभर वेळेवर येणारा हा माणूस थंडी सरता सरता एके दिवशी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो, "दोन दिवस गावाक जातंय" एवढंच बोलतो आणि मंजुरीची वाट न बघता निघतो. परत येताना त्याच्या पिशवीत खाजा असतो. तुम्ही तो खाता, "वा, छान" म्हणता आणि पुन्हा कामाला लागता.

ही मार्गदर्शिका त्याच्यासाठी नाही. त्याला सगळं ठाऊक आहे, आणि नसलं तरी तो तसं कबूल करणार नाही. ही तुमच्यासाठी आहे. तुम्ही पंढरपूर केलंत, तुळजापूर केलंत, शिर्डीला तर घरच्यासारखे जाता, आणि मालवण म्हणजे किल्ला, पाण्याखाली जाऊन काढलेले फोटो आणि सुरमईची थाळी एवढीच तुमची समजूत आहे. यंदा तुम्ही ठरवलंत की मसुऱ्याच्या आंगणेवाडीत श्री देवी भराडीच्या जत्रेला जायचं. ठरवलंत हे चांगलंच. फक्त ठरवण्याचं काम तिथे तुमच्याकडे नसतं, आणि नवशिक्याची पहिली अडचण तिथेच सुरू होते.

तारीख

भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेऊ नका, त्यात काही मिळणार नाही. मराठी घरांना घरोघरी तारीख-तिथी पुरवणाऱ्या 'कालनिर्णय'चे कर्ते जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच. 1973 पासून त्या कॅलेंडरात एकादशी, संकष्टी, ग्रहणं, दूधवाल्याचा हिशेब सगळं मावलं. पण त्यांच्या स्वतःच्या तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या जत्रेची तारीख वर्षभर आधी छापणं त्यांनाही शक्य नव्हतं, कारण ती तिथीवर ठरत नाही. ती देवी ठरवते.

दिवाळी होते, भात कापून-झोडून घरात येतं, शेतातली घाई संपते. मग वाडीतली मंडळी देवीपुढे बसतात आणि कौल घेतात. कौल म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्यांना थोडक्यात सांगायचं तर देवापुढे गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि होकार-नकार त्याच्याकडूनच घ्यायचा. कुठे पाषाणाला ओले तांदूळ लावतात, कुठे फुलांचे कळे. उजवीकडचा पडला तर एक अर्थ, डावीकडचा पडला तर दुसरा. आंगणेवाडीत पूर्वापार रिवाज असा की आधी रानडुकराच्या पारधीसाठी कौल, पारध साधली की मग जत्रेच्या दिवसासाठी कौल. म्हणजे लाखो माणसांच्या प्रवासाचं वेळापत्रक एकेकाळी एका रानडुकराच्या हालचालींवर अवलंबून होतं. त्याच डुकराने शेतकऱ्याचं भात आणि भाजीपाला वर्षभर उकरलेला असतो, त्यामुळे त्याच्याविषयी फार हळवं होण्याची गरज नाही.

याचा परिणाम बघा. 2018 साली जत्रा 27 जानेवारीला झाली. 2021 साली 6 मार्चला. 2023 साली 4 फेब्रुवारी, 2024 साली 2 मार्च, 2025 साली 22 फेब्रुवारी. यात काही सूत्र सापडतं का म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसू नका. शनिवार बरेच दिसतात हे खरं. पण 2020 साली 17 फेब्रुवारी होती आणि तो सोमवार होता. देवीला चाकरमान्यांची साप्ताहिक सुट्टी माहीत असावी. ती पाळायचं बंधन तिच्यावर नाही.

मालवणी ओळखीच्या माणसाला डिसेंबरात फोन करून "तारीख कन्फर्म झाली का?" असं विचारू नका. तो म्हणेल, "नाय ओ, अजून कौल जावक व्हयो." आठवड्याने पुन्हा विचाराल तर तेच उत्तर जरा कोरडं येईल. मग एके दिवशी दुपारी तुमच्या फोनवर एकच चित्र सात गटांतून येऊन पडेल: देवीचा मुखवटा, खाली तारीख, बाजूला दोन स्थानिक पुढाऱ्यांचे फोटो. त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका, खोट्या तारखाही फिरतात. आंगणे मंडळींनी जाहीर केली की ती खरी.

गाडी

तारीख कळल्याक्षणी वाचत असलेलं काहीही खाली ठेवा, ही मार्गदर्शिकासुद्धा, आणि तिकिटाच्या मागे लागा.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्याआधी लोक रात्रभर एसटीत पोटऱ्या आखडून यायचे आणि त्याच्या आधीच्या पिढीने बोटीत उलट्या काढत देवी गाठली. आज कोकणकन्या आहे, मांडवी आहे, दादरहून सुटणारी तुतारी आहे, दिवसाची जनशताब्दी आहे, 2023 पासून वंदे भारतही आहे. आणि यांपैकी एकाही गाडीत तुम्हाला जागा नाही. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. देवीने अजून तारीखही सांगितलेली नसताना हुशार मंडळी फेब्रुवारीतल्या चार-चार वारांची तिकिटं अंदाजाने काढून ठेवत आणि नंतर रद्द करत बसत. नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. रेल्वेने ते वेगळ्याच कारणासाठी केलं, पण आंगणेवाडीपुरता त्यातून थोडा न्याय झाला: नशीब बरं असेल तर तारीख आधी येते आणि आरक्षण मागून उघडतं. उघडतं म्हणजे उघडून मिटतं. तुमचा सांकेतिक शब्द भरून होईतो प्रतीक्षायादी शंभरापार गेलेली असते.

निराश होऊ नका. जत्रेसाठी रेल्वे खास गाड्या सोडते. खास गाडी म्हणजे जिला बाकीच्या सगळ्या गाड्या ओलांडून जाऊ शकतात अशी गाडी. एकेरी मार्गावर तुम्ही कुठल्यातरी लहानशा स्टेशनाबाहेर काळोखात उभे असता आणि शेजारून मालगाडी निघून जाते. अशा वेळी डब्यात कोणीतरी भजन सुरू करतं. त्यात सामील व्हा. टाळ नसले तर पाण्याची बाटली चालते.

उतरायचं कणकवलीला. सिंधुदुर्ग किंवा कुडाळ स्टेशनवरूनही जाता येतं, पण मग मधल्या अंतराचा हिशेब रिक्षावाल्याशी करावा लागेल आणि त्या दोन दिवसांत रिक्षावाला हिशेबाच्या मनःस्थितीत नसतो. मुंबई-गोवा महामार्गाने स्वतःच्या गाडीने येणार असाल तर निर्णय तुमचा. सिंधुदुर्गातला टप्पा चांगला आहे. तिथपर्यंत पोचण्यासाठी आधी रायगड ओलांडावा लागतो, इतकंच सांगतो.

पोचल्यावर

आंगणेवाडी ही मसुरे गावातली एक वाडी. मालवणपासून सुमारे 15 किलोमीटर आत, गडनदीच्या खोऱ्यात. गावात भरतगड नावाचा किल्ला आहे, खाली कालावलची खाडी आहे, माडाच्या बागा आहेत. वर्षातले 363 दिवस इथे मोटारसायकलचा आवाज आला की कोण आलं ते घरातूनच ओळखतात. उरलेल्या दीड-दोन दिवसांत इथे एक शहर वसतं. एसटी कणकवली, मालवण आणि मसुरे अशा तीन बाजूंना आपली तात्पुरती स्थानकं उभारते. ज्या बाजूने आलात त्याच बाजूच्या स्थानकावर परत जायचं हे उतरतानाच मनाशी घोकून ठेवा. कणकवलीचा माणूस रात्री एक वाजता मालवणच्या रांगेत उभा राहिला तर सकाळी त्याला समुद्र दिसतो.

मोबाइल चालणार नाही. कंपन्या जादा मनोरे लावतात, पण प्रत्येकाला एकाच वेळी "मी कमानीजवळ आहे" एवढंच सांगायचं असल्याने काहीच कोणाला पोचत नाही. बरोबरच्यांशी आधीच ठिकाण ठरवा आणि ते ठिकाण 'कमान' ठेवू नका. तिथे जिल्ह्यातली निम्मी माणसं कोणाची तरी वाट बघत असतात. हरवलात तर ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारलं जातं. त्यात लाज काही नाही. फक्त ते नाव तुमच्या गावच्या चार माणसांनी ऐकलेलं असतं आणि पुढची दहा वर्षं ते तुम्हाला त्याच नावाने हाक मारतात.

तुम्ही तिथे कोण?

हा भाग नीट वाचा.

भराडीदेवीचं देऊळ हे आंगणे कुटुंबीयांचं खाजगी देवस्थान आहे. नवशिक्याला हे खरं वाटत नाही. लाखो लोक, खास गाड्या, मुख्यमंत्री, दूरचित्रवाणीच्या गाड्या, आणि म्हणे खाजगी? पण तसंच आहे. एका भावकीची देवी. तिची सेवा, तिचा कौल, तिचं ताट हे सगळं त्या भावकीचं. तुम्ही, मी, पालकमंत्री आणि पोलीस अधीक्षक हे सगळे पावणे. घरच्या कार्याला बोलावल्याशिवाय आलेले, आणि तरीही ज्यांना कोणी "का आलात" म्हणून विचारत नाही असे पावणे.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. 'व्हीआयपी पास कुठे मिळतो' असं तुम्ही विचारणार नाही. दुसऱ्याच्या घरच्या देवघरात शिरताना आपण जसे जरा अंग चोरून, चपला नीट ठेवून शिरतो तसे शिराल. 2021 साली करोनामुळे जत्रा फक्त आंगणे कुटुंबीयांपुरती झाली तेव्हा बाहेरच्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, बातम्या आल्या की यंदा जत्रा "मर्यादित स्वरूपात". मर्यादित कसली? घरचं कार्य घरच्यांनी केलं, एवढंच. पावण्यांविना.

रांग आणि दर्शन

दर्शन पहाटे तीनच्या सुमारास सुरू होतं. नवशिके म्हणतात, "आपण आरामात सातला जाऊ, तोवर गर्दी ओसरेल." अनुभवी माणूस यावर काही बोलत नाही, चहा पितो. गर्दी ओसरत नाही. ती फक्त कपडे बदलते. पहाटेची गर्दी स्वेटर घालून असते, दुपारची डोक्यावर टॉवेल घेऊन.

रांगा बऱ्याच असतात आणि त्या बांबूंच्या आत चांगल्या शिस्तीत सरकतात. ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी वेगळी सोय असते. तुमच्या आजीला ती सांगू नका, ती अपमान समजेल. रांगेत शेजारचा माणूस "खयसून इलास?" असं विचारेल. "ठाण्याहून" हे उत्तर अपुरं आहे. त्याला तुमचं मूळ गाव हवं असतं, मग वाडी, मग आडनाव. आणि तुम्ही साताऱ्याचे किंवा लातूरचे निघालात तर तो क्षणभर थांबून विचारेल, "मगे बायल हयची काय?" बायकोच्या माहेराने तुम्हाला प्रवेश मिळतो. तेही नसेल तर "देवीन बोलावल्यान" म्हणा. त्यावर मालवणी माणसाकडे उत्तर नसतं.

देवी पाषाणरूपात आहे. जत्रेला तिला मुखवटा चढवतात, साडी नेसवतात, दागिने घालतात. ती प्रकटली कशी याच्या कथा एकाहून जास्त आहेत. एक गाईची: आंगण्यांच्या घरची गाय भरडावर, म्हणजे उघड्या माळावर जाऊन एका पाषाणावर पान्हा सोडायची, मागावर गेलेल्याला देवी सापडली. दुसरी चिमाजी अप्पांच्या काळातली: आंगणे घराण्यातल्या एका लढवय्याच्या भक्तीला पावून तुळजापूरची भवानी इथे आली. रांगेत या दोन्ही कथा ऐकायला मिळतील, आणि सांगणाऱ्याच्या वयानुसार तिसरीही. वाद घालू नका. इतिहासाचं पुस्तक उघडायची ती जागा नव्हे, आणि उघडायला कोपर हलवण्याइतकी जागाही नसते.

प्रत्यक्ष दर्शन काही क्षणांचं. तेव्हा काय मागायचं याची यादी आधी तयार ठेवा. अनेक नवशिके नेमक्या क्षणी देवीकडे बघत राहतात आणि बाहेर आल्यावर त्यांना कर्जाचा हप्ता आठवतो.

ओटी, नवस, गाऱ्हाणं

ओटीचं साहित्य बाहेर तयार मिळतं: खण किंवा साडी, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. नारळ हलवून, पाणी वाजतंय का बघून घ्या. मालवण तालुक्यात वाळका नारळ गळ्यात मारून घेतलात तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघतो.

नवस बोलताना मर्यादा ठेवा, कारण इथे फेडायलाही यावं लागतं. देवी नवसाला पावते अशी ख्याती आहे आणि नेमकी हीच नवशिक्याची दुसरी अडचण: काम झालं की पुढच्या वर्षी पुन्हा तारीख, पुन्हा तिकीट, पुन्हा रायगड. मूल झालं म्हणून त्याचा गूळ-नारळाने तुलाभार करणारी जोडपी दिसतील. तराजूच्या एका पारड्यात रडणारं बाळ, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि बाजूला वजनावरून हिशेब करणारे आजोबा. मुलगा गुटगुटीत असल्याचा अभिमान आणि गुळाचा भाव, दोन्ही त्यांच्या तोंडावर एकदम दिसतं.

गाऱ्हाणं हा मालवणी माणसाचा खास प्रांत. ते तुम्ही स्वतः घालू नका, जाणत्याला सांगा. तो हात जोडून, जमिनीकडे बघत, एका दमात सुरू होईल: "बा देवी भराडी माते, ह्यां तुझां लेकरू मुंबयसून तुझ्या पायाकडे इलां हा. तेच्या झिलाक नोकरी लागांदे, घरात काय वाकडां-नाकडां असात तां दूर कर, आणि पुढच्या वर्साक सगळ्यांका सुखरूप हयसर बोलाव, रे म्हाराजा!" यावर भोवतालच्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं असतं. देवीला 'महाराजा' का म्हणायचं, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. कोकणात सगळ्याच दैवतांना म्हणतात. तुमचं काम मोठ्याने "व्हय" म्हणण्याचं. गाऱ्हाण्याची ताकद ते घालणाऱ्याच्या जिभेत असते, पण "व्हय म्हाराजा" हळू पडलं तर तो मान वर करून बघतो, आणि ती नजर वाईट.

पुढारी

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक असतील. त्यांवर देवीपेक्षा मोठे चेहरे असतील. सर्व पक्षांचे सर्व नेते "भाविकांचे हार्दिक स्वागत" करताना दिसतील, वास्तविक त्यांनाही इथे कोणी बोलावलेलं नसतं. कारण सरळ आहे. सिंधुदुर्गातला माणूस गिरणीच्या काळापासून लालबाग-परळात राहिला, तिथून विरार, डोंबिवली, नवी मुंबईला पसरला, आणि हा सगळा मतदार वर्षातून एकदा एका माळावर आपल्या पायांनी येऊन उभा राहतो. कोणता पुढारी हे सोडेल? 2023 साली जत्रेच्या दिवशीच आंगणेवाडीत एका मोठ्या पक्षाची जाहीर सभा झाली. मुख्यमंत्री येतात, माजी मुख्यमंत्री येतात, होऊ घातलेले मुख्यमंत्री तर नक्कीच येतात. देवीसमोर काय मागितलं असं पत्रकार विचारतात, आणि उत्तर कायम "राज्यातल्या शेतकऱ्याला सुखी ठेव" असं असतं.

पुढाऱ्याचा ताफा आला की रांग थोडी थबकते. तेवढ्या वेळात पाणी पिऊन घ्या.

खाणं आणि खरेदी

खाजा घ्या. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आल्याचा वास असलेला गुळाचा पाक चढवलेला. चांगला खाजा दाताखाली मोडतो. वाईट खाजा दात मोडतो. चव बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. जोडीला कडक लाडू, शेंगदाण्याचे लाडू, चणे-कुरमुरे. जेवायला मंडपातल्या हॉटेलांत काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी. मोसम लागला असेल तर ओले काजूगर दिसतील. भाव विचारण्याआधी खाली बसा.

घरच्या बाईने आदोळी, म्हणजे विळी, आणायला सांगितली असेल तर ती पारखून घ्यायला कोणी जाणती बाई बरोबर असलेली बरी, पुरुषांना आदोळीतलं काही कळत नाही. आकाशपाळणे, खेळणी, झगमगत्या बांगड्या हे सगळं आहेच. त्यावर सूचना देण्यासारखं काही नाही.

रात्री नऊनंतर

इथवर वाचून कंटाळा आला असेल तर बाकीचं सगळं सोडा, पण हे वाचा. बहुतेक नवशिके संध्याकाळी दर्शन घेऊन, खाजा बांधून, सातच्या एसटीने निघतात आणि "जत्रा बघितली" म्हणतात. त्यांनी बाजार बघितला.

रात्री नऊच्या आसपास दर्शन थांबतं. ओटी भरणं बंद, रांगा बंद. वाडीत एवढा वेळ चाललेला गोंगाट एकदम दुसरीकडे वळतो, कारण आता काम आंगण्यांच्या घरांत सुरू असतं. प्रत्येक घरातली बाई, दिवसभर उपास केलेली, न्हाऊन, ओलेत्याने म्हणा किंवा सोवळ्याने म्हणा, देवीसाठी रांधायला बसते. आणि ती बोलत नाही. एकही शब्द नाही. चुलीसमोर मौन. ज्या घरात सकाळपासून पावण्यांना पंगती वाढल्या, "बसा, जेवा, अजून घ्या" म्हणून आवाज बसला, त्याच घरात नैवेद्याचा भात शिजताना मीठ कुठे आहे हेसुद्धा हाताने दाखवायचं. मुंबईहून आलेल्या माहेरवाशिणी, नव्या सुना, म्हाताऱ्या, सगळ्यांना हा नियम सारखा. मालवणी बायकांना गप्प बसवणं हे एरवी देवालाही जमत नाही असं पुरुष म्हणतात. म्हणोत. त्या चुलीपाशी अर्धा तास न बोलता उभं राहून दाखवावं एखाद्याने.

मग ताटं लागतात. नैवेद्याची ताटं डोक्यावर घेऊन आंगण्यांच्या बायका एकामागून एक देवळाकडे निघतात आणि घरचे पुरुष मशाली, दिवे घेऊन दोन्ही बाजूंनी वाट करून देतात. याला 'ताटे लावणे' म्हणतात. दिवसभर जी जत्रा लाखोंची होती ती आता पुन्हा एका भावकीची झालेली असते. फलकावरचे चेहरे, ध्वनिक्षेपक, पोलीस, आकाशपाळणा, हे सगळं बाजूला. मधोमध चालतात त्या घरच्या बायका, ज्यांचं नाव कोणत्याही फलकावर नसतं. कौलापासून ज्या जत्रेची खटपट सुरू झाली ती सगळी या एका फेरीसाठी होती हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. बाकी सगळं आपण बाहेरच्यांनी भोवती उभं केलेलं.

नवशिक्यासाठी सूचना: वाटेत येऊ नका. फोन वर करून उजेड पाडू नका. चांगली जागा मिळावी म्हणून ताटांच्या ओळीत घुसू नका, तुम्हाला कोणी मारणार नाही, पण मशाल जवळून जाईल. पूर्वी नैवेद्यानंतरचा प्रसाद गर्दीत उधळला जायचा आणि तो झेलायला झुंबड उडायची. म्हातारी माणसं त्या झुंबडीच्या आठवणी हातावरची खूण दाखवून सांगतात. आता वाटप शांतपणे होतं आणि वाडीतल्या घरांतूनही प्रसाद मिळतो. कोणाच्याही अंगणात जाऊन उभे राहा. "तुम्ही कोण?" असं विचारणार नाहीत. पत्रावळ पुढे येईल. प्रसाद सात्त्विक, भात-भाजी-वडे या घरचा. मागून घ्यायला हरकत नाही, टाकायला मात्र आहे.

मध्यरात्रीनंतर दर्शन पुन्हा सुरू होतं. खरा जाणकार या वेळी जातो. रांग असतेच, पण अंगात थोडी झोप आणि पोटात भात असल्याने ती लांब वाटत नाही.

मोडयात्रा

दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या दिवसाला मोडयात्रा म्हणतात. दीड दिवसाच्या जत्रेतला हा अर्धा. आदल्या दिवशी पावण्यांच्या पंगती वाढण्यात अडकलेले वाडीतले आणि आसपासच्या गावांतले लोक आज निवांत दर्शनाला येतात. दुकानदारांचा आवाज बसलेला असतो आणि भावही. काल घासाघीस करून घेतलेली आदोळी आज त्याहून स्वस्तात मिळताना बघायची तयारी ठेवा. खाज्याचे डबे उरलेत का ते बघा. उरलेला खाजा वाईट नसतो, फक्त विक्रेता दमलेला असतो आणि वजनात हात सैल सोडतो. दुपारनंतर बांबू निघू लागतात, मंडपाचं कापड गुंडाळलं जातं, एसटीची तात्पुरती स्थानकं एकेक करून रिकामी होतात. फलक मात्र बरेच दिवस राहतात.

परतीच्या गाडीत तुमच्या आरक्षित जागेवर एक कुटुंब झोपलेलं असेल. त्यांना उठवू नका. त्यांच्याकडे घावणे असतात.

एक शेवटची सूचना, ज्यांना गर्दी मुळीच सोसत नाही त्यांच्यासाठी. देऊळ वर्षभर उघडं असतं. पावसाळ्यात या, भात लावणी आटोपल्यावर, किंवा नवरात्रात, किंवा एखाद्या मंगळवारी दुपारी. सभामंडपात तुम्ही, पुजारी आणि खांबाला टेकून बसलेले एखादे आजोबा एवढेच असाल. ओटी सावकाश भरा, गाऱ्हाणं घालून घ्या, कर्जाचा हप्ता आठवेपर्यंत देवीसमोर बसा, कोणी पुढे सरकायला सांगणार नाही. आजोबा गाईची गोष्ट पूर्ण सांगतील, चिमाजी अप्पांचीही, आणि बहुधा तिसरीही. मालवणात येऊन थाळी खा, दिवसा गाडीने जागेवर बसून परत जा. फक्त कचेरीत त्या सावंताला सांगायला जाऊ नका की मी आंगणेवाडीला जाऊन आलो. तो मान हलवेल, "बरां केलास" म्हणेल आणि लगेच विचारेल, "मगे, गर्दी किती होती?"